सॅक घेण्याआधी पाठ मोजा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमची उंची ५ फूट १ इंच आणि वजन ५४ किलो आहे. सवलतीत मिळाली म्हणून ६० लिटरची सॅक तुम्ही ऑनलाइन मागवली आणि ती घेऊन मैत्रिणींबरोबर लोणावळ्याहून राजमाचीला गेलात. तुंगार्लीचे धरण मागे पडते न पडते तोच खांदे भरून आले, कमरेचा पट्टा कितीही आवळला तरी घसरत राहिला, खांद्यावर पट्टा आणि अंग यांच्यामध्ये हात जाईल एवढी पोकळी राहिली, आणि उधेवाडीला पोहोचेपर्यंत उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना मुंग्या आल्या. जूनच्या अखेरीस तुम्हाला हिमाचलमधल्या हमता पास या खिंडीच्या ट्रेकला जायचे आहे. दुकानात ‘लेडीज मॉडेल घ्या’ असे सांगण्यात आले, बरोबरच्या अनुभवी मित्राने ‘सवय झाली की दुखणार नाही’ असे सांगितले, आणि आता कोणत्या कंपनीची सॅक घ्यावी असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली सतरा वर्षे मुंबईहून सह्याद्रीत, आणि वर्षातून एकदा हिमालयात, गट घेऊन जाते. त्यांतले बरेचसे गट केवळ महिलांचे असतात. कसाऱ्याच्या किंवा कर्जतच्या फलाटावर उतरल्यावर माझे पहिले काम प्रत्येकीची सॅक पाठीवर कशी बसली आहे ते पाहण्याचे असते. त्या अनुभवावरून सांगते, की कंपनीचा विचार सर्वांत शेवटी करायचा आहे. तुमच्या चारही तक्रारी, म्हणजे घसरणारा पट्टा, खांद्यावरची पोकळी, भरून आलेले खांदे आणि बोटांना आलेल्या मुंग्या, बहुधा एकाच कारणातून निघालेल्या आहेत: सॅकची पाठ, म्हणजे कमरेच्या पट्ट्यापासून खांद्याचे पट्टे जोडलेल्या जागेपर्यंतची लांबी, तुमच्या पाठीपेक्षा जास्त आहे. हे सवयीने सुटत नाही, कारण सवयीने पाठ लांब होत नाही.

उंचीवरून सॅक निवडणे ही आपल्याकडची सर्वांत रुळलेली चूक आहे. उंचीत पाय, धड, मान आणि डोके हे सगळे येते, आणि सॅकचा संबंध त्यांपैकी फक्त धडाशी असतो. माझ्या एका गटात ५ फूट ६ इंच उंचीची मुलगी होती, तिचे पाय लांब होते आणि धड जेमतेम १६ इंच. तिच्याबरोबर आलेली तिची आतेबहीण ५ फूट २ इंचांची, पण तिचे धड साडेसतरा इंच भरले. उंच मुलीने साहजिकच मोठ्या मापाची सॅक घेतली होती आणि बुटक्या बहिणीने लहान मापाची. दुपारच्या थांब्यावर दोघींनी सॅकची अदलाबदल केली आणि पुढचा सगळा चढ तशाच चढल्या. म्हणून ५ फूट १ इंच एवढ्यावरून तुमचे माप मला सांगता येणार नाही. १५ ते १७ इंचांच्या दरम्यान असावे असा अंदाज करता येईल, पण सॅक अंदाजावर घेऊ नये.

धड मोजायला शिलाईची टेप आणि मदतीला एक माणूस पुरेसा आहे. एकटीने मोजू नका, कारण हात मागे नेला की खांदा उचलला जातो आणि आकडा चुकतो. केस वर बांधा, अंगात पातळ टी-शर्ट असू द्या, आणि हनुवटी छातीकडे झुकवा. मानेच्या तळाशी जो मणका सर्वांत उठून हाताला लागतो, तो मानेचा सातवा मणका. गळ्यातल्या साखळीची कडी मागे साधारण जिथे टेकते, त्याच्याच आसपास तो सापडतो. तिथे काजळाच्या पेन्सिलीने बारीक खूण करून घ्या. मग दोन्ही तळहात बरगड्यांवरून खाली सरकवत आणा, बोटे पुढे आणि अंगठे पाठीकडे ठेवून. जिथे तळहात हाडाच्या कडेवर अडतात, ती तुमच्या कमरेच्या हाडाची वरची कड. ही कड आपण जिथे जीन्स घालतो त्याच्या बरीच वर असते, आणि बहुतेकींचा अंदाज चुकतो तो इथेच. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी आडवी रेषा कण्यावर जिथे येते, तिथे दुसरी खूण करा. आता मान सरळ करून, नेहमीसारख्या उभ्या राहा, आणि टेप पाठीच्या बाकाला चिकटवून वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंतचे अंतर मोजून घ्या. तीनदा मोजा. तीन आकड्यांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक आला, तर खालची खूण चुकली आहे असे समजा आणि हाडाची कड पुन्हा शोधा.

हाच टेप त्या हाडाच्या कडेवरून कमरेभोवती फिरवून तो घेरही लिहून ठेवा. कमरेच्या पट्ट्याचे माप या घेरावरून ठरते, पँटवर लिहिलेल्या कमरेच्या आकड्यावरून नाही.

बऱ्याच कंपन्यांच्या तक्त्यांत १५ ते १६ इंचांपर्यंतचे धड एक्स्ट्रा स्मॉल, साधारण १६ ते साडेसतरा स्मॉल, १८ ते साडेएकोणीस मीडियम आणि त्यापुढे लार्ज असे धरले जाते. परंतु एकाचा स्मॉल दुसऱ्याचा मीडियम असू शकतो, म्हणून अक्षराकडे न पाहता तक्त्यातले इंच किंवा सेंटिमीटर पाहावेत. तक्ताच दिलेला नसेल, तर ती सॅक न पाहता मागवू नये.

आता हे माप एवढे महत्त्वाचे का, ते पाहू. नीट बसलेल्या मोठ्या सॅकमध्ये वजनाचा ७० ते ८० टक्के भाग कमरेच्या पट्ट्यातून हाडावर आणि तिथून पायांवर उतरतो. खांद्यांचे पट्टे सॅक पाठीला लावून धरण्यापुरते असतात. विहिरीवरून कळशी आणणारी बाई ती कमरेच्या ज्या हाडावर टेकवते, तेच हे हाड. भार तिथे ठेवला की दूरवर नेता येतो, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. सॅकच्या पट्ट्याची मधली रेषा नेमकी या कडेवर यायला हवी, म्हणजे पट्ट्याचा अर्धा भाग हाडाच्या वर आणि अर्धा खाली.

तुमच्या सॅकची पाठ १९ किंवा २० इंचांची असेल आणि तुमचे धड १६ इंचांच्या आसपास, तर तीन-चार इंचांचा हा फरक कुठे ना कुठे निघणारच. पट्टा हाडावर ठेवला, तर खांद्याचे पट्टे सॅकला जिथे जोडलेले आहेत ती जागा तुमच्या खांद्यांच्या वर राहते, म्हणून ती हात जाईल एवढी पोकळी. पोकळी घालवण्यासाठी तुम्ही पट्टे आवळता, त्याने सगळी सॅक खाली ओढली जाते, कमरेचा पट्टा हाडावरून नितंबांवर घसरतो आणि भार खांद्यांना टांगला जातो. मग पुन्हा पट्टा वर घ्यायचा, पुन्हा पोकळी. राजमाचीच्या सुमारे १५ किलोमीटरच्या वाटेत तुम्ही हे किती वेळा केले असेल याची मला कल्पना येते, कारण माझ्या पहिल्या हिमालयवारीत मी हेच सहा दिवस केले होते.

ती सॅक माझ्या मोठ्या भावाची होती. तिसऱ्या दिवशी सकाळी जॅकेटची बटणे लावताना डाव्या हाताची बोटे वळेनात. थंडीने असेल असे मी धरून चालले, पण घरी परतल्यावरही जवळजवळ तीन आठवडे करंगळीला स्पर्श नीट कळत नव्हता. फिजिओथेरपिस्टने समजावून सांगितले, की हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा गळ्याच्या हाडामागून काखेकडे उतरतो, आणि खांद्यावरचा पट्टा तासन्‌तास तिथे दाबला गेला तर हात बधिर होतो, कधी कधी दुबळाही होतो. वैद्यकशास्त्रात याला ‘रकसॅक पाल्सी’ असे नावच आहे. म्हणून तुमच्या चार तक्रारींपैकी मुंग्यांची तक्रार मी सर्वांत गंभीर मानते. खांदे दुखणे एक वेळ सोसता येईल, पण बधिरपणा सोसून चालत राहू नये. याच्याच जोडीची दुसरी खूण म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूला येणारी जळजळ किंवा बधिरपणा. ती बहुधा पट्टा फार खाली बसला आहे किंवा जरुरीपेक्षा जास्त आवळला आहे, हे सांगत असते.

आता ‘लेडीज मॉडेल’विषयी. दुकानदाराचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. स्त्रियांसाठी बेतलेल्या सॅकमध्ये रंगाव्यतिरिक्त तीन गोष्टी खरोखर वेगळ्या असतात. पाठीची लांबी कमी मापापासून सुरू होते, बऱ्याचदा १४-१५ इंचांपासून. खांद्याचे पट्टे अरुंद असतात, एकमेकांच्या जवळून निघतात आणि इंग्रजी ‘एस’सारखे वळण घेत स्तनांच्या बाजूने काखेकडे जातात. तिसरा फरक कमरेच्या पट्ट्याचा. पुरुषांच्या सॅकचा पट्टा बऱ्याचदा सरळ नळीसारखा असतो. स्त्रियांच्या कमरेचा घेर आणि त्याखालचा घेर यांत जास्त फरक असतो, त्यामुळे असा पट्टा आवळला की वरच्या कडेला फट राहते आणि खालची कड रुतते. स्त्रियांच्या सॅकचा पट्टा तिरका कापलेला असतो, वर लहान आणि खाली मोठा, म्हणून तो सगळीकडून सारखा टेकतो.

पण ‘लेडीज’ हा शब्द मापाची जागा घेऊ शकत नाही. माझ्या ओळखीच्या एका व्हॉलीबॉलपटूला, जिचे खांदे रुंद आणि धड साडेएकोणीस इंच आहे, पुरुषांची मीडियम सॅक उत्तम बसते आणि स्त्रियांच्या सॅकचे पट्टे तिच्या मानेला घासतात. उलट चौदा-पंधरा वर्षांच्या सडपातळ मुलांना मी अनेकदा स्त्रियांची सॅक दिली आहे. आधी पाठीचे माप जुळले पाहिजे, त्यानंतर पट्ट्यांचे वळण, त्यानंतर कमरेचा पट्टा, आणि लेबल त्याच्याही नंतर.

नवीन सॅक घेण्याआधी जी आहे ती एकदा नीट तपासा, कारण पैसे वाचण्याची शक्यता इथेच आहे. पुष्कळ सॅकमध्ये खांद्याचे पट्टे वर-खाली सरकवण्याची सोय असते आणि मालकिणीला ते ठाऊकच नसते. दोन वर्षांपूर्वी कळसूबाईच्या पायथ्याशी, बारी गावात, आम्ही पहाटे साडेतीनला एका घराच्या अंगणात तयार होत होतो. गटातल्या एका मुलीची सॅक नवी कोरी होती, आणि पाठीवर चढवताच तिचे टोपण डोक्यापेक्षा वर गेले. तिने मान मागे केली की अंबाडा टोपणावर आपटत होता. अशी सॅक घेऊन कळसूबाईच्या लोखंडी शिड्या चढायच्या म्हणजे दर पायरीला कोणीतरी मागे ओढते आहे असे वाटते. मोबाइलच्या उजेडात आम्ही सॅक पालथी केली. पाठीच्या फोममागे हात घातला तेव्हा वेल्क्रोचा रुंद पट्टा लागला, तो इतका घट्ट बसला होता की बोटांनी सुटेना. मग घरातल्या आजींनी स्टीलचा एक लांब पळा आणून दिला. त्याचा चपटा दांडा दोन वेल्क्रोंच्या मधे सरकवला, सगळा जोड मोकळा केला आणि पट्टे चार बोटे खाली आणून पुन्हा बसवले. कामाला जेमतेम दहा मिनिटे लागली. मुलगी वर जाऊन खाली आली, आणि सॅक दुखत असल्याचे तिने एकदाही सांगितले नाही.

तुमच्या सॅकच्या पाठीमागेही असा वेल्क्रो, शिडीसारख्या आडव्या पट्ट्या किंवा सरकणारे बकल आहे का ते पाहा. असल्यास सर्वांत खालच्या मापावर आणून पुन्हा घालून पाहा. पट्टे पाठीला थेट शिवलेले असतील, तर मात्र माप बदलणार नाही. अशा वेळी कमरेला टॉवेल गुंडाळणे, पट्ट्याखाली फोमचा तुकडा कोंबणे हे उपाय मी करून पाहिले आहेत. त्याने एखादा दिवस निभावतो, पण पाच दिवसांचा ट्रेक निभावत नाही.

नवी सॅक घ्यावी लागलीच, तर दुकानात रिकामी सॅक घालून निर्णय घेऊ नका. रिकामी सॅक कोणालाही बसते. निदान ७-८ किलो वजन आत असायला हवे. काही दुकानांत त्यासाठी वाळूच्या पिशव्या ठेवतात. नसतील तर मी घरून एक चादर आणि एक लिटरच्या सात रिकाम्या बाटल्या नेते, तिथे पाणी भरते, चादरीत गुंडाळून आत ठेवते, म्हणजे वजनाचा हिशेबही चोख राहतो. शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा, कारण तुम्हाला अर्धा-पाऊण तास सॅक अंगावर ठेवून दुकानात फिरायचे आहे, वाकायचे आहे, बसून उठायचे आहे. पाच मिनिटांत सॅक चुकीची आहे हे कळू शकते, पण ती बरोबर आहे हे कळत नाही.

पट्टे आवळण्याचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो बहुतेक जणी उलटा करतात. आधी सगळे पट्टे सैल करा. सॅक चढवा, किंचित पुढे वाका आणि कमरेचा पट्टा हाडाच्या कडेवर आणून बकल लावा. सगळ्यात आधी तो आवळायचा. आवळल्यावर पुढे, बकलच्या दोन्ही बाजूंना, पट्ट्याच्या जाड गाद्यांच्या टोकांमध्ये चार-पाच बोटे अंतर उरले पाहिजे. गाद्या एकमेकींना टेकल्या, तर पट्टा तुम्हाला मोठा आहे आणि तो घसरणारच. त्यानंतर खांद्याचे पट्टे खाली व मागे ओढून घ्या, पण भार खांद्यावर येईल इतके नाही. पट्टा खांद्यावरून मागे वळला पाहिजे आणि खांद्याच्या माथ्यापासून साधारण दोन-तीन बोटे खाली सॅकला मिळाला पाहिजे. मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे, ज्यांना लोड लिफ्टर म्हणतात, ते हलकेच ओढा. त्यांचा कोन ४५ अंशांच्या जवळपास असावा. ते आडवे पडले असतील तर सॅकची पाठ लहान आहे, आणि फारच उभे असतील तर मोठी. लहान सॅकना हे पट्टे नसतात, तो दोष समजू नये. सर्वांत शेवटी छातीवरचा पट्टा.

या छातीवरच्या पट्ट्याविषयी दुकानातले पुरुष विक्रेते बोलायला संकोचतात आणि ग्राहक स्त्रिया विचारायला, म्हणून इथे स्पष्ट लिहिते. हा पट्टा वर-खाली सरकतो, आणि तो स्तनांच्या भरावाच्या वर, गळ्याच्या हाडापासून तीन-चार बोटे खाली असावा. तो कधीही स्तनांवरून जाऊ नये. खांद्याचे पट्टे बाहेर घसरतात म्हणून पुष्कळ जणी हा पट्टा करकचून आवळतात आणि मग चढावर श्वास अपुरा पडतो. पट्टे घसरत असतील तर ते तुमच्या खांद्यांसाठी फार लांब-लांब बसवलेले आहेत, आणि त्यावर छातीचा पट्टा हा इलाज नाही. ज्यांची छाती भरलेली आहे त्यांनी आपल्या नेहमीच्या ट्रेकच्या ब्रामध्येच सॅक घालून पाहावी, कारण पट्ट्यांचे वळण योग्य आहे की नाही हे तेव्हाच कळते. ब्राच्या पट्टीवरची धातूची किंवा प्लॅस्टिकची कडी खांद्यावर सॅकच्या पट्ट्याखाली आली, तर दोन तासांत तिथली कातडी सोलवटते. म्हणून खांद्यावर काहीही कडी नसलेली स्पोर्ट्स ब्रा घ्यावी.

हाच नियम कमरेलाही लावावा. सलवारीच्या नाडीची गाठ, पँटचा चामडी पट्टा, खिशातला मोबाइल किंवा किल्ल्या, कुर्त्याची जाड घडी, यांतले काहीही कमरेच्या पट्ट्याखाली येता कामा नये. एकदा एका ताईंच्या कमरेवर नाडीच्या गाठीचा लाल-निळा वण मी पाहिला आहे, आणि त्या दिवसभर सॅकलाच दोष देत होत्या. सिझेरियन झालेल्यांना बकलचा दाब टाक्यांच्या जागी जाणवतो का, हे दुकानातच वजनासह पाहावे. पाठीची शस्त्रक्रिया झाली असेल, कण्याला बाक असेल किंवा गरोदरपण असेल, तर मापाचे हे नियम तसेच्या तसे लागू होत नाहीत, आणि डॉक्टरांना विचारूनच पुढे जावे.

लिटरबद्दलही थोडे सांगावेसे वाटते, कारण ६० लिटरची सॅक तुमच्या गरजेपेक्षा मोठी आहे असे माझे मत आहे. सह्याद्रीतल्या एका दिवसाला २०-२५ लिटर पुरतात आणि एका मुक्कामाला ३५-४०. हिमालयात सगळे सामान स्वतः वाहायचे असेल तर ५०-५५ लिटरमध्ये आटोपशीर बसते. सॅक मोठी असली की ती भरली जातेच. अनेक दिवसांच्या ट्रेकमध्ये पाठीवरचे एकूण वजन शरीराच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावे असा रूढ संकेत आहे. तुमच्या बाबतीत ते १०.८ किलो होते. त्यात रिकाम्या सॅकचे दीड-दोन किलो आणि तीन लिटर पाणी घेतले तर त्याचे तीन किलो आधीच गेले. उरलेल्या सहा किलोंत बाकी सगळे बसवायचे आहे.

हमताला तुमचे आयोजक मोठी सॅक खेचरावर देण्याची सोय करतात का, हे आधी विचारून घ्या. तशी सोय असेल तर सगळे गणितच बदलते. सुमारे ४,२७० मीटर उंचीच्या त्या खिंडीत तुमच्या पाठीवर फक्त २५-३० लिटरची सॅक असेल, आणि खर्च करायचा तर त्या लहान सॅकवर करावा. लहान सॅक बहुधा एकाच मापात येतात, त्यामुळे त्या प्रत्यक्ष घालून पाहण्याला पर्याय नाही.

मुंबईच्या हवेसाठी आणखी एक विचार. पाठ आणि सॅक यांच्यामध्ये ताणलेली जाळी असलेल्या सॅक घामासाठी चांगल्या, आणि आपल्याकडच्या दमट हवेत त्यांचा मोह होतो. पण त्या जाळीमुळे सामान पाठीपासून एक-दोन इंच दूर जाते आणि सॅक मागे ओढते. कडेकपारीच्या, नाळेच्या म्हणजे अरुंद घळीतून चढणाऱ्या वाटांवर मला पाठीला चिकटून बसणारी सॅक अधिक सुरक्षित वाटते, घाम आला तरी चालेल. राजमाचीसारख्या रुंद वाटांवरच जाणार असाल, तर जाळीची घ्यावी. पावसाळ्यात रेनकोट घालून एकदा पट्टे लावून पाहा, कारण निसरड्या कापडावरून कमरेचा पट्टा घसरतो आणि तो थोडा जास्त आवळावा लागतो.

आता कंपन्या. डॉयटरच्या सॅकच्या नावापुढे ‘एसएल’ असेल तर ती स्त्रियांच्या बांध्यासाठी बेतलेली असते. ऑस्प्रेमध्ये पुरुषांच्या केस्ट्रेलला स्त्रियांची काइट आणि पुरुषांच्या एथरला स्त्रियांची एरियल अशा जोड्या आहेत. डेकॅथलॉनच्या फोर्क्लाझ मालिकेतही स्त्रियांसाठी वेगळी सॅक मिळते, आणि ती मुंबईच्या दुकानात घालून पाहता येते. पहिल्या दोन कंपन्या महाग आहेत. तुमच्या जागी मी असते तर आधी डेकॅथलॉनमध्ये वजन घालून पाहिले असते, आणि तिथे माप जुळले असते तर पुढे गेले नसते. एखाद्या मैत्रिणीची सॅक दोन दिवसांसाठी मागून घेणे हाही चांगला मार्ग आहे, मात्र तिच्या मापावर लावलेले पट्टे आपल्या मापावर आणायला विसरू नये.

सॅक भरताना जड वस्तू, म्हणजे पाणी, शिधा, स्टोव्ह, पाठीला लागून आणि खांद्याच्या पात्यांच्या थोडे खाली ठेवा. तळाशी स्लीपिंग बॅग आणि बाहेरच्या अंगाला कपडे. जड वस्तू बाहेरच्या खिशात गेल्या, तर मापाची सॅकही खांदे ओढते.

जूनपर्यंत तुमच्या हाती वेळ आहे. माप जुळल्यावर सॅकमध्ये ६ किलो भरून आधी आपल्याच इमारतीचे जिने चढा-उतरा, मग एका रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात प्रवेशद्वारापासून कान्हेरीपर्यंत चालत जा आणि लेण्यांच्या पायऱ्या सॅकसह चढा. दर तासाला थांबून खांद्याचे पट्टे एका बोटाने सैल करा आणि पुन्हा लावा, म्हणजे दाब एकाच जागी राहत नाही. पुढच्या फेरीला वजन ८ किलो करा, त्यापुढच्या फेरीला १०. या फेऱ्यांमध्ये कमरेला थोडा थकवा जाणवला तर काळजी करू नका, भार तिथेच जायला हवा आहे. पण योग्य मापाची सॅक असूनही उजव्या हाताच्या त्या दोन बोटांना पुन्हा मुंग्या आल्या, तर ट्रेकचे उरलेले पैसे भरण्याआधी फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्या, आणि जाताना सॅकही बरोबर न्या.